प्रश्न उद्भवत नाही

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी विधानभवनातून फोन आला. पलीकडचा मुलगा फार अदबीने बोलत होता. अण्णांच्या सूनबाईंनी त्याला माझा नंबर दिला होता. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी दिवंगत माजी सदस्यांचे शोकप्रस्ताव असतात, त्यासाठी अण्णांची थोडी माहिती हवी होती. जन्मतारीख, जन्मगाव, शिक्षण, किती वेळा निवडून आले, कुठल्या संस्थांशी संबंध होता. "दहा-बारा ओळी पुरे आहेत, सर."

दिल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत. मग पडवीत तसाच बसून राहिलो. पागोळ्या गळत होत्या, चहा निवून त्यावर साय धरली, आणि लक्षात आलं की ह्याच ओळी मी आधी एकदा लिहून दिल्यात.

ते साल १९८५. निवडणूक झाली की विधानमंडळ सचिवालय आमदारांकडून माहिती मागवतं आणि त्यावरून सदस्यांच्या ‘संक्षिप्त परिचया’चं पुस्तक निघतं. प्रत्येकाला फोटोसकट थोडी जागा. रकाने ठरलेले. जन्म, जन्मठिकाण, शिक्षण, ज्ञात भाषा, वैवाहिक माहिती, अपत्ये, व्यवसाय, पक्ष, मतदारसंघ, इतर माहिती, छंद, परदेश प्रवास, स्थायी पत्ता. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलेला पंचविशीतला पोरगा, नुकताच अण्णांचा पीए झालेला. मॅजेस्टिक आमदार निवासातल्या खोलीत खाटेवर कागद पसरून मी एकेक रकाना वाचत होतो आणि अण्णा दाढी करता करता उत्तरं देत होते.

"ज्ञात भाषा?"

"मालवणी."

मी ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ लिहिलं. सगळेच तसं लिहितात.

"छंद?"

इथे वस्तरा थांबला. अण्णांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "लिव, वाचन. दिवसभर लोकांचे अर्ज वाचतंय, ता वाचनच मा?"

"परदेश प्रवास?"

"गोव्याक जावन इलंय."

मी ‘नाही’ लिहिलं. (आताच्या काही आमदारांना सुरत आणि गुवाहाटीसाठी निराळा रकाना करून द्यावा लागेल, पण तो विषय इथला नाही.)

मतदारसंघाचं नाव सांगत नाही. कोकण किनाऱ्यावरचा होता एवढं पुरे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घाटाची भिंत, मध्ये तीन खाड्या आणि शंभराच्या वर वाड्या. घाटावर गाव म्हणजे एक ठिगळ असतं, मधोमध पार असतो, आमदाराने पाराशी गाडी उभी केली की गाव गोळा होतं. आमच्याकडे गाव म्हणजे डोंगरउतारावर सांडलेल्या वाड्या. एका वाडीत भाषण केलं तर दुसरीला ऐकू जात नाही, आणि दुसरीला वाटतं आपल्याकडे मुद्दाम आले नाहीत. त्यात निम्मा मतदारसंघ मुंबईला. मतदार यादी इथली, पण ज्याच्या शब्दावर घरातली पाच मतं फिरायची तो चाकरमानी परळ-लालबागच्या चाळीत. त्यामुळे निवडणुकीचा अर्धा प्रचार गिरणगावातल्या गावमंडळांच्या सभांना. घरी आई-बायको मत देणार, पण कोणाला द्यायचं ते गिरणीतल्या माणसाच्या पत्रातून यायचं.

मॅजेस्टिक रीगल सिनेमाच्या समोर. कुलाब्याच्या त्या देखण्या चौकात, गोऱ्या पर्यटकांच्या गर्दीतून, सकाळी सकाळी आमची माणसं यायची. रात्रीच्या एसटीने निघून परळला उतरलेली. एक पेशंट, त्याच्याबरोबर दोघं, एक तांदळाची पिशवी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बांगडे. पुडीला कितीही दोऱ्या बांधल्या तरी लिफ्टपासून खोलीपर्यंत वासाची वाट पडायची. शेजारच्या खोलीतले विदर्भाकडचे आमदार दार लावून घ्यायचे आणि आतून हसायचे. आमच्या खोलीत दोन खाटा. एकीवर अण्णा, दुसरीवर ज्याची तब्येत सगळ्यांत वाईट तो. बाकीचे आणि मी खाली सतरंजीवर. दारातून संडासाकडे जाताना रात्री कोणाच्या तरी पायावर पाय पडायचाच.

अण्णा संत नव्हते, हेही इथेच सांगून टाकतो. खादी कडक इस्त्रीची लागायची, चुरगळलेली दिसली की आवाज चढायचा. बहिणीच्या मुलाला त्यांनी नोकरीला लावलं आणि त्याच्यापेक्षा जास्त मार्कांचा एक पोरगा मागे राहिला. तो पोरगा माझ्या वर्गातला. मासेमारीच्या वादात तर ते सरळ गप्प बसले. १९८१ मध्ये राज्याने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला होता. किनाऱ्याजवळचं पाणी पारंपरिक मच्छीमारांना राहावं, ट्रॉलरनी तिथे घुसू नये, असा त्यातला एक भाग. रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे, येऊन सांगायचे की ट्रॉलर आमच्या रापणीच्या तोंडाशी येऊन मासळी ओढून नेतात. ट्रॉलरवाले पण आमच्याच मतदारसंघातले, आणि निवडणुकीत जीप त्यांच्याच. अण्णा दोघांचं ऐकून घ्यायचे, दोघांना चहा द्यायचे, आणि दोघं गेल्यावर माझी नजर टाळायचे.

पण पत्रांत ते कच्चे नव्हते. रोज तीस-चाळीस पत्रं जायची. "सदर अर्जदार माझ्या मतदारसंघातील रहिवासी असून त्यांची अडचण रास्त आहे, तरी नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती." हा मजकूर मला झोपेत टाइप करता आला असता. सरकारी कचेरीत असल्या पत्रांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक. दाभणाने भोक पाडून फाइलला लावतात. म्हणून काही पत्रांखाली अण्णा स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायचे. ‘ह्या बाईचा नवरा बोटीवर गेलेला आला नाही.’ ‘हा मुलगा सात मैल चालत शाळेत येतो, मी बघितलं आहे.’ ‘बघितलं आहे’ हे त्यांनी खरंच बघितलेलं असायचं. ती हातची ओळ असली की चारात एकाचं काम व्हायचं. नुसत्या टाइप केलेल्याचं दहात एखादं.

आता प्रश्नाबद्दल.

विधानसभेचं कामकाज ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांना वाटतं आमदार उभा राहतो आणि प्रश्न विचारतो. तसं नसतं. तारांकित प्रश्न आधी कितीतरी दिवस लेखी द्यायचा. त्याची भाषा ठरलेली, जवळजवळ पोथीतल्यासारखी. ‘(१) अमुक गावातील साकव वाहून गेला आहे हे खरे आहे काय, (२) असल्यास, तो पुन्हा बांधण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ हे छापून येतं. प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले वरचे थोडेच प्रश्न तोंडी निघतात. बाकीच्यांची छापील उत्तरं सभागृहासमोर ठेवली जातात, आणि ती उत्तरंही पोथीतलीच. ‘होय.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ आणि एकदा पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ आलं की पुढचं आपोआप येतं. ‘(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

आमच्या खोलीत हा शब्द घरचा झाला होता. जेवण उरलंय का? प्रश्न उद्भवत नाही. अण्णा, पगार? प्रश्न उद्भवत नाही. हसायचो आम्ही. पण पहिल्यांदा ते छापील उत्तर आलं तेव्हा कोणी हसलं नव्हतं. साकव माझ्याच गावचा होता. खालची वाडी आणि शाळा ह्यांच्यामधल्या व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. उन्हाळ्यात बघितलात तर म्हणाल, ह्याच्यावर साकव कशाला? पायाचा घोटा भिजत नाही. आषाढात तोच व्हाळ लाल पाण्याने तट्ट फुगायचा आणि त्यावर माडाचे दोन ओंडके टाकलेले असायचे, शेवाळाने गुळगुळीत. पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन, चपला हातात धरून, एकमेकांचे सदरे पकडून जायची. मीही तसाच शाळेत गेलो. जुना दगडी साकव होता तो वाहून गेला त्या वर्षी मी चौथीत होतो.

अण्णांनी प्रश्न विचारला. उत्तर आलं, ‘हे खरे नाही.’ का? तर त्या नावाचा साकव कचेरीच्या नोंदीतच नव्हता. जो नोंदीत नाही तो वाहून कसा जाईल? म्हणजे (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

त्या रविवारी अण्णा मला घेऊन गावी आले आणि आमच्या अंगणात न शिरता थेट व्हाळावर गेले. धोतर वर खोचलं, माझ्या वडिलांकडून बांबूची काठी मागून घेतली, आणि काठीकाठीने व्हाळाची रुंदी मोजली. मी पॅडवर लिहीत होतो. चाळीस फूट. पाण्याची पातळी गेल्या पुरात कुठवर आली होती ती खूण जांभ्या दगडावर होती, तीही मोजली. रोज किती पोरं जातात, किती गुरं जातात, कोणाच्या घरात गरोदर बाई आहे, सगळं विचारून घेतलं. "माप लिव रे," म्हणाले. "माप नसला की तेंका उत्तर देवक सोपा जाता."

माझे वडील ह्या सगळ्या वेळात उभेच होते. अण्णांना खुर्ची दिली होती, शेजारी दुसरी रिकामी होती, अण्णा दोनदा म्हणाले बसा म्हणून. वडील बसले नाहीत. त्याचं कारण साकव नव्हता. अण्णांचं घर खोताचं, आणि आम्ही त्यांची कुळं.

तरुण वाचकांना खोत हा शब्द आता आडनाव म्हणूनच माहीत असतो. जुन्या रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकार आणि कसणारा ह्यांच्यामध्ये खोत बसलेला असायचा. सारा तो गोळा करणार, सरकारात भरणार, आणि मधल्यामध्ये गावचा राजा होणार. इंग्रजांनी १८८० साली खोतीचा कायदा करून त्याला नीट चौकटीत बसवलं. कूळ भात पिकवणार, त्यातलं अर्धं बऱ्याच ठिकाणी खोताच्या अंगणात जाणार, वर वेठ. माझी आजी सांगायची, "दारातला झाड आमचा, फणस मात्र खोताचो." ती हे रागाने सांगायची नाही. पाऊस मिरगाला लागतो हे सांगावं तशी सांगायची. मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

अधिवेशनात एका संध्याकाळी सभागृह लवकर उठलं. अण्णा मला म्हणाले, चल, ग्रंथालयात जाऊ. विधानभवनाची नरिमन पॉइंटची इमारत तेव्हा नवीच, १९८१ सालची. ग्रंथालयात आमदार फारसे दिसत नसत. अण्णांनी १९३७ सालच्या मुंबई विधानसभेच्या कामकाजाचा खंड मागितला. इंग्रजीत. त्यांना बारीक टायपातलं इंग्रजी झेपत नसे, म्हणून मी.

१७ सप्टेंबर १९३७. पुण्यातलं अधिवेशन. स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार डॉ. भीमराव आंबेडकर खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडतात. घराणं मूळचं मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं, म्हणजे आमच्याच कोकणातलं. खोताचे हक्क काढून घ्यावेत, त्याला वाजवी नुकसानभरपाई द्यावी, आणि जमीन प्रत्यक्ष जो कसतो त्याला रयतवारीतल्यासारखा सरकारी कब्जेदाराचा दर्जा द्यावा. मी मराठी करून सांगत होतो. अण्णा टेबलावर दोन्ही कोपरं टेकून ऐकत होते. नुकसानभरपाईशी आले तेव्हा मला थांबवून ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"भरपाई देवा म्हणता? आमका?"

"होय."

"ज्येंच्या बापजाद्यांक आम्ही अंगणात येवक दिला नाय, तो?"

मी काही बोललो नाही. त्यांचा आवाज कुजबुजीवर आला होता.

विधेयक एकदम आकाशातून पडलेलं नव्हतं. अलिबागेजवळ चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला कुळांनी संप पुकारला होता. नारायण नागू पाटील पुढारी. पंचवीस गावांनी खोताची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि ते १९३९ पर्यंत टिकवलं. सहा वर्षं जमिनी ओसाड, माणसं करवंदं विकून आणि लाकूडफाटा तोडून जगलेली. ज्याने पावसाळ्याच्या तोंडावर नांगर धरलाय त्यालाच कळेल की शेत डोळ्यांसमोर असताना ते नांगरायचं नाही ह्याला काय लागतं. मग १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले, बरेचसे कोकणातलेच. समोर मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, जन्माने रत्नागिरीचे. मागणारे कोकणातले, ज्याच्याकडे मागायचं तोही कोकणातला.

"पास झाला?" अण्णांनी विचारलं.

मी पुढचे खंड चाळले. नाही झालं. अशासकीय विधेयकांचं बहुतेकदा होतं तेच ह्याचंही झालं. सरकारने ते पुढे सरकू दिलं नाही, आणि १९३९ च्या नोव्हेंबरात युद्धाच्या मुद्द्यावर काँग्रेसची मंत्रिमंडळंच राजीनामा देऊन घरी गेली. म्हणजे डॉक्टरांच्या आमदारकीचा ‘संक्षिप्त परिचय’ त्या दिवशी कोणी भरला असता तर ह्या विधेयकापुढे काय लिहिलं असतं? मांडले. बस.

खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, अंमल १९५० पासून. तो सरकारने आणला, आणि मुख्यमंत्री पुन्हा तेच बाळासाहेब खेर. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या दारात मोर्चा आला होता त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याच्या लेखी मालक. माझ्या वडिलांनी तलाठ्याची सही असलेला सातबारा काच लावून फ्रेम करून घेतला आणि विठोबाच्या तसबिरीशेजारी टांगला. सणाला तसबिरी पुसायच्या तेव्हा आई तीही काच पुसायची. शाळेत मास्तरांनी एकदा विचारलं, घरात कोणकोणत्या देवांचे फोटो आहेत? मी सांगितलं, विठोबा आणि सातबारा.

ग्रंथालयातून बाहेर पडलो. अण्णा टॅक्सी नको म्हणाले. चालत मॅजेस्टिककडे यायला पाऊण तास लागला, कारण ते मध्येच थांबत होते. रीगलच्या चौकात जुना कौन्सिल हॉल आहे. मुळात नाविकांसाठी बांधलेली इमारत, मग विधिमंडळ, आणि विधानभवन नवीन झाल्यावर पोलिसांचं राज्य मुख्यालय. आमच्या खिडकीतून रोज दिसायची. त्या मोर्च्याचं तोंड ह्याच इमारतीकडे होतं हे मला त्या रात्रीपर्यंत सुचलं नव्हतं.

"माझो आजो खोत," अण्णा म्हणाले. "तुझो आजो कूळ. आणि आपण दोघय एकाच खोलयेत झोपतव."

"तुम्ही खाटेवर," मी म्हटलं.

बोलून गेलो आणि जीभ चावली. अण्णा मोठ्याने हसले. इतके, की चौकातला पोलीस वळून बघायला लागला. पण खोलीवर गेल्यावर त्यांनी खाट आमच्या गावच्या एका दम्याच्या म्हाताऱ्याला दिली आणि स्वतः सतरंजीवर आडवे झाले. दुसऱ्या दिवशी पाठ धरली म्हणून पुन्हा खाटेवर.

आणखी एक कागद त्यांना फार आवडायचा. सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव. मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झालेला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ठराव म्हणजे कायदा नव्हे, त्याला दात नसतात. महाड नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तोही कागदावरच राहिला. शेवटी २० मार्च १९२७ ला आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यावर मारहाण झाली, खटला झाला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. अण्णा म्हणायचे, बोल्यांच्या हातात काय होतं? एक कागद. पण तळ्यावर जाणाऱ्याच्या खिशात तो कागद होता ना.

मला तेव्हा हे जरा भाबडं वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. कागद काढून दाखवल्यावर दगड मारणारा हात थांबला असं महाडला झालं नव्हतं.

साकवाचा प्रश्न अण्णांनी चार अधिवेशनं लावून धरला. त्यात एक नागपूरचं. डिसेंबरात समुद्रकाठच्या माणसाला नागपूरला नेणं म्हणजे शिक्षाच. कोकण रेल्वे अजून कागदावरच होती, एसटीने मुंबई आणि तिथून रात्रभर गाडी. अण्णा दोन स्वेटर घालून सभागृहात जायचे आणि खोलीत कोकमाचं आगळ गरम पाण्यातून प्यायचे. त्या अधिवेशनात उत्तर ‘हे खरे नाही’वरून ‘अंशतः खरे आहे’वर आलं. आम्ही पेढे आणले. बाहेरच्या माणसाला वेड वाटेल, पण ‘अंशतः’ ह्या एका शब्दासाठी आम्हाला दीड वर्ष लागलं होतं. मग अंदाजपत्रक, मग तांत्रिक मंजुरी, मग प्रशासकीय मंजुरी, मग निविदा. निविदा निघाली आणि निवडणूक लागली.

अण्णा पडले. तेराशे मतांनी. आमच्या खालच्या वाडीतली मतंसुद्धा पुरती मिळाली नाहीत. साकव कुठे झालाय अजून, असं लोक म्हणत होते, आणि खोटं काय होतं त्यात? साकव पुढच्या वर्षी झाला. कोनशिलेवर नव्या आमदारांचं नाव.

पडलेल्या आमदाराचं घर किती लवकर रिकामं होतं ते मी पाहिलंय. मतमोजणीच्या संध्याकाळी पायरीवर साठ-सत्तर जोड चपला होत्या. आठवड्याने दोन. लेटरपॅडचे गठ्ठे उरले होते, ‘विधानसभा सदस्य’ छापलेले. पुष्कळ जण आधी पेनाने ‘माजी’ घालून ते वापरून टाकतात. अण्णांनी ते कोरे कागद उलटे करून वाडीतल्या पोरांना बेरजा-वजाबाक्या करायला वाटले. आमच्या गावात एक पिढी राजमुद्रेच्या मागच्या बाजूला पाढे शिकली.

मी नंतर एका बँकेत लागलो. अण्णांच्या शिफारशीने नव्हे, परीक्षा देऊन, हे सांगायची मला अजून गरज वाटते. ते आंबा बघत राहिले. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा गावोगाव फिरून लोकांना खड्डे मारायला लावले. स्वतःची कातळाची जमीन सुरुंग लावून फोडली आणि हापूस लावला. एसटीने फिरायचे. एसटीत आमदार-खासदारांसाठी राखीव असं लिहिलेलं एक बाक असतं, तुम्ही पाहिलं असेल. त्यावर आमदार बसलेला मात्र तुम्ही पाहिला नसेल. माजी सदस्यालाही प्रवासाची सवलत असते. अण्णा ते बाक मोकळं असलं तरी मागे जाऊन बसायचे. एकदा कंडक्टर म्हणाला, अण्णानू, तुमची सीट पुढे आसा. तर म्हणाले, ती पडलेल्यांची नाय रे, उभे ऱ्हवलेल्यांची. कंडक्टरला विनोद कळला नाही. कोळणीने तोवर तिथे टोपली ठेवली होती.

२००८ च्या पुनर्रचनेत कोकणातल्या जागा घटल्या. रत्नागिरीत सातच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गात चारच्या तीन. माणसंच नाहीत तर आमदार कुठून राहणार? चाकरमानी गेला तो कुटुंब घेऊन गेला, आणि पुढे २०११ च्या जनगणनेत तर दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी उतरली. हद्दी सरकल्या, गावं इकडची तिकडे गेली. अण्णांना नवा नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, बोटाने खाडीच्या कडेकडेने आमच्या गावापर्यंत आले, आणि गाव अजून आहे एवढं बघून नकाशा घडी घालून परत दिला.

शोकप्रस्तावाची प्रत त्यांच्या घरी टपालाने आली. सूनबाईंनी मला बोलावून वाचायला दिली. शेतकरी कुटुंबात जन्म. शिक्षण अमुक. सहकारी संस्थेचे संचालक. मतदारसंघातील दळणवळणाच्या प्रश्नांकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले. त्यांना वाचनाची आवड होती.

"बाबांना वाचनाची आवड होती?" सूनबाईंनी विचारलं. "मी तीस वर्षांत त्यांच्या हातात पुस्तक नाही पाहिलं."

"अर्ज वाचायचे," मी म्हटलं.

येताना पाऊस थांबला होता. साकवाशी आलो. व्हाळ लाल होऊन खालून घोंगावत चालला होता. कठड्याचा एक गज सुटून बाहेर आलाय आणि कोनशिलेवरची अक्षरं शेवाळाने भरलीत, नाव कोणाचं आहे ते आता वाचता येत नाही. खालच्या वाडीतली वहिनी पलीकडून येत होती, डोक्यावर गवताचा भारा. मला बघून थांबली.

"भावोजी, तुमका पत्रा लिवची सवय आसा मा? आमदारांका एक लिवन देवा. सासऱ्यांका डायलिसिसाक न्हेवचा लागता आठवड्यान दोनदा. रिक्षा ह्या साकवावरसून येणा नाय. चार माणसा लागतत उचलून थयसर न्हेवक."

"लिवतंय," मी म्हटलं. "सध्याची रुंदी किती?"

"ता माका काय म्हायत?"

"रिक्षेची?"

तिने भारा उतरवून कठड्याला टेकवला. मी छत्री मिटली. तिने विळ्याने कुडणातली एक काठी तोडून दिली आणि दुसरं टोक पलीकडच्या कठड्याला धरून उभी राहिली.